कोट कुणी घालायचा

ऑक्टोबरात एखाद्या सकाळी घर तापवणारा फर्नेस पहिल्यांदा सुरू होतो आणि घरभर जळकट वास सुटतो. उन्हाळाभर पाइपांत साठलेली धूळ तापते, तिचा तो वास. थोड्या वेळात जातो. कॅनडातल्या या केंब्रिजमधल्या आमच्या रस्त्यावर सगळ्यांच्याच घरांत तो एकाच आठवड्यात येत असणार. लोक म्हणत असतील, चला, थंडी आली, विंटर टायर्सची अपॉइंटमेंट घ्यायला हवी. मला मात्र त्या वासाबरोबर राग येतो. खराखुरा. हातातला चहा निवून जातो आणि मी खिडकीशी उभी राहून शेजाऱ्याच्या मेपलकडे अशी बघते, जसं काही त्याने माझं घोडंच मारलंय.

झाडाने काही केलेलं नाही. ते दरवर्षीसारखं लाल झालंय. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉल कलर्स बघायला जाण्याचे बेत शिजतायत, कुणी पोटलकची यादी फिरवतंय, कुणी विचारतंय की ढोकळा कोण आणणार. मी अजून हो-नाही काही कळवलेलं नाही. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही, त्यावर आणखी एक कुठे घेऊ?

तसा ऑक्टोबर माझा आवडता महिना होता, एकेकाळी. तासगावला. तिथे ऑक्टोबर म्हणजे द्राक्षबागांची छाटणी. पावसाळा सरला की बागवाले हिरव्या वेली कापून उघड्याबोडक्या करून टाकतात आणि उरलेल्या काड्यांच्या डोळ्यांवर पेस्ट लावतात, म्हणजे डोळे एकदम फुटतात. ती पेस्ट जहाल असते. मजूर बायका हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून ती लावायच्या, पिशव्या फाटायच्या आणि बोटं सोलून निघायची. ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या ओपीडीत त्या दिवसांत टेबलावर नुसते हात यायचे. लालभडक, कातडी गेलेले, तरी बांगड्या न काढलेले. पुरुषांची तऱ्हा वेगळी. दिवसभर पेस्ट लावायची आणि संध्याकाळी थोडी घ्यायची, की चेहरा लालबुंद आणि छातीत धडधड. बायको हाताला धरून आणायची. मी नाडी धरायच्या आधी तोंडाचा वास घ्यायचे.

“घेतली ना?”

“न्हाई ओ बाई. उलीशीच.”

बाहेर ऊन मी म्हणत असायचं, आत स्पिरिटचा वास, आणि वऱ्हांड्यात माणसं उकिडवी बसलेली. मी कंटाळायचे, चिडायचे, कंपाउंडरवर ओरडायचे. तेव्हा माहीत नव्हतं की याचीच आठवण काढत मी एका गार देशात खिडकीशी उभी राहणार आहे.

माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, इथल्या मोटारींच्या कारखान्यात क्वालिटीचं काम मिळालं म्हणून आलो. आमची मुलगी जुई तेव्हा दुधाचे दात पडण्याच्या वयाची. मी इथल्या परीक्षा दिल्या, त्या पासही झाले. पण परीक्षा पास होणं हा निव्वळ उंबरठा असतो. पुढे एखाद्या इस्पितळात रेसिडेन्सी, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची जागा, मिळावी लागते, आणि तिथे बाहेरून आलेल्यांसाठी जागा इतक्या थोड्या की विचारू नका. मुलाखतीत विचारायचे, तुम्ही शेवटचा पेशंट कधी तपासलात? अहो, तुम्ही तपासू द्याल तेव्हा ना. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. इथे पोहता आल्याशिवाय पाण्यात पडू देत नाहीत, आणि वर फार गोड हसून सांगतात, की तुमचा अनुभव ‘इम्प्रेसिव्ह’ आहे.

आता मी एका वॉक-इन क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते. या भागात ज्यांना फॅमिली डॉक्टर नाही अशी माणसं रग्गड. ती सकाळी दार उघडायच्या आत रांग लावतात. थंडीत घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन येतात. कुणाचा खोकला ऐकून मला कळतं की हा रांगेतला खोकला नाही, याला पुढे घ्यायला हवं. मी म्हणू शकते एवढंच, “आय अ‍ॅम सो सॉरी, वुई आर फुल फॉर टुडे.” पाटी उलटी करते आणि दार लावते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मारणारीही मीच, आणि खाणारीही.

मंडळात मात्र मी अजून ‘डॉक्टर वहिनी’ आहे. गणपतीत आरती संपून ताटं वाढायला लागली की माणसं एकेक करून कोपऱ्यात गाठतात. “वहिनी, जरा हा रिपोर्ट बघता का?” “वहिनी, आईला भारतातून आणलंय, तिच्या पायावर सूज येते हो, नुसतं बघा.” स्कारबरोहून आलेला एखादा स्टुडंट मुलगा, कॉलेज आणि नोकरी सांभाळून पार वाळलेला, मोबाइलवर आपल्या अंगावरच्या चट्ट्यांचे फोटो दाखवतो. मी बघते. मग म्हणते, मला इथे काही सांगता येत नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ते म्हणतात, डॉक्टरच नाहीत ना. आणि आम्ही दोघंही हातात मोदक घेऊन एकमेकांकडे बघत राहतो.

तर अशात बातमी आली की इथून तासाभरावर, मक्याच्या शेतांमधल्या त्या लहानशा विद्यापीठात नवं मेडिकल स्कूल निघणार. तेही ऑस्टिओपॅथिक. अमेरिकेत अशी पुष्कळ आहेत. तिथून निघालेली मुलं पुरती डॉक्टर असतात, औषधं देतात, ऑपरेशनं करतात, शिवाय हातांनी चाचपून हाडं, सांधे, स्नायू मोकळे करायचं वेगळं शिक्षण घेतात. कॅनडात हे पहिलंच, असं ते अभिमानाने सांगत होते. मंडळातले पाठक काका, नागपूरहून मुलाकडे राहायला आलेले, सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे आपले हाडवैद्यच नं! फक्त कोट घातलेले.”

स्कूल काढायचं तर गावोगावचा पाठिंबा दाखवावा लागतो. त्यासाठी त्यांनी सभा घेतल्या. आमच्याकडची लायब्ररीच्या हॉलमध्ये होती. कॉफी, टिमबिट्स म्हणतात ते गोळीएवढे डोनट, भिंतीवर मोठे कागद. क्लिनिकमधून कुणीतरी बोलावं म्हणून मला पाठवलं. मी बोलले. रांगेबद्दल, खुर्च्यांबद्दल, त्या खोकल्याबद्दल. मी तासगावात काय करत होते तेही सांगितलं. टाळ्या पडल्या. होणारे डीन, उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ, छातीवर हात ठेवून म्हणाले की तुमच्यासारख्यांच्या आवाजासाठीच आम्ही हे उभारतोय.

मी विचारलं, “मग आमच्यासारख्यांना इथे काही जागा असेल का? शिकवायला म्हणा, पुन्हा शिकायला म्हणा, जे लागेल ते. आम्ही या भागात बरेच जण आहोत. कुणी गोदामात आहे, कुणी उबर चालवतं.”

“दॅट इज अ ग्रेट क्वेश्चन,” ते म्हणाले.

त्यांच्याबरोबरच्या मुलीने माझा प्रश्न एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि भिंतीवरच्या एका वेगळ्या कागदावर चिकटवला. कागदावर वर लिहिलं होतं, ‘पार्किंग लॉट’. ज्या प्रश्नांना आत्ता उत्तर द्यायचं नाही ते तिथे लावायची पद्धत आहे म्हणे. सभा संपली तेव्हा त्या कागदावर माझी एकटीची चिठ्ठी होती. बाकी सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं मिळाली होती. सभेनंतर त्यांच्या पत्रकात माझा फोटो आला, टाळ्या वाजवणाऱ्या माणसांच्या मध्ये उभी असलेली मी, आणि खाली लिहिलं होतं, ‘कम्युनिटी मेंबर’.

इथे आमच्या लोकांनी आपल्या स्वभावाला शोभेल अशी चूक केली. पत्रकातला फोटो बघून सगळ्यांनी गृहीत धरलं की माझं काम झालं. आपल्याकडे साहेबाने फोटोत शेजारी उभं केलं म्हणजे ऑर्डर निघाल्यात जमा. पाठक काका पेढे घेऊन घरी आले. देवापुढे ठेवले आणि म्हणाले, “आता तुम्ही प्रोफेसर झाल्या, वहिनी. आमच्या गुडघ्याकडे लक्ष असू द्या.” मी सांगत राहिले की तसं काही नाही. ते ‘हो हो’ म्हणत राहिले, मोठ्या पदाचा माणूस विनय दाखवतो तेव्हा म्हणतात तसं. आणि खोटं कशाला बोलू, पेढा तोंडात टाकताना माझ्याही मनात एक मूर्ख आशा डोकावली की कोण जाणे, असेलही.

तसं नव्हतंच. स्कूल बांधून झालं, काचेची मोठी इमारत. नेमणुका निघाल्या, माझे अर्ज गेले, उत्तरं आली. ‘अनफॉर्च्युनेटली’ हा शब्द कुठल्या ओळीत येणार हे मला आता पाकीट न उघडता सांगता येतं. एक उत्तर वेगळं होतं. त्यात विचारलं होतं की मुलांना सरावासाठी माणसं लागतात, टेबलावर पडून राहायचं, मुलं हात लावून तपासतील, तर मला त्यात रस आहे का? मी ते श्रीकांतला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “जाऊ दे.” श्रीकांत भला माणूस आहे. पण ‘जाऊ दे’ या दोन शब्दांवर आमच्या संसारातली इतकी वर्षं गेली आहेत, की कधीकधी वाटतं, त्याला विचारावं, नेमकं कुठे जाऊ दे?

आणि जुईला तिथे प्रवेश मिळाला. पहिल्याच बॅचला.

आनंद झाला. हेही सरळ सांगते, कारण चिडलेल्या माणसाला आनंद होत नाही असं लोकांना वाटतं. ती जिन्यावरून ओरडत खाली आली आणि तिने मला उचललं, अक्षरशः उचललं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. तिने लहानपणापासून माझी पुस्तकं चाळली होती, कवटीच्या चित्राला मिशा काढल्या होत्या. मी तिला कधी म्हटलं नव्हतं की डॉक्टर हो. किती वेळा तर ‘नको होऊस’ असंच म्हटलं होतं.

सप्टेंबर संपता संपता तिचा हॉस्टेलवरून फोन आला. “आई, गेस व्हॉट. व्हाइट कोट सेरेमनी आहे. आम्हाला फर्स्ट टाइम कोट देतात, स्टेजवर. आणि फॅमिलीमध्ये कोणी फिजिशियन असेल तर तेच घालू शकतात, प्रोफेसरच्या ऐवजी. सो ऑब्व्हियसली तू.”

मी फोन कानाला धरून किचनमध्येच उभी राहिले. गॅसवर भात होता, तो लागला. त्या रात्री जळका भात कुणीही कुरकुर न करता खाल्ला. मी कपाटातून एक साडी काढली, इरकल, गडद जांभळी. डॉक्टर म्हणून रुजू झाले त्या पहिल्या दिवशी मी जी नेसले होते तीच. पदर उजेडाकडे धरून कुठे विरलीय का बघितलं. मी काय करणार होते? कोट धरायचा, ती हात मागे करेल, आधी उजवी बाही, मग डावी, मग कॉलर सारखी करायची. एवढंच. पण त्या एवढ्याशा कामासाठी डॉक्टर असावं लागत होतं आणि मी होते. इतक्या वर्षांत या देशाने पहिल्यांदा असं काही मागितलं होतं जे माझ्याकडे होतं.

मग हेदरचा फोन आला. हेदर त्या स्कूलच्या ऑफिसात कार्यक्रमांचं बघते. आवाज इतका मऊ की त्यावर झोप यावी. तिने आधी हवेची चौकशी केली. मग म्हणाली, जुईने तुमचं नाव दिलंय, वुई लव्ह दॅट, फक्त एक छोटीशी गोष्ट, तुमचं लायसन्स कुठल्या प्रांताचं?

मी म्हटलं, महाराष्ट्राचं. आजही चालू आहे, मी नेमाने नूतनीकरण करते.

“ओके,” ती म्हणाली. त्या एका शब्दातच मला सगळं कळलं. नियम असा होता, की कोट घालणारी व्यक्ती कॅनडा किंवा अमेरिकेत डॉक्टर असावी किंवा राहिलेली असावी. तिला स्वतःला फार वाईट वाटत होतं. आणि तिने एक तोडगाही काढला होता. डीन स्वतः कोट घालतील, पण तुम्ही स्टेजवर या, कोट हातात घेऊन उभ्या राहा आणि त्यांच्या हातात द्या. तुमचं नाव ‘जुईज मॉम’ म्हणून वाचू. “सो यू कॅन स्टिल बी पार्ट ऑफ द मोमेंट.”

कोट धरून उभी राहा. हॉटेलच्या दाराशी माणूस ठेवतात ना, पाहुण्यांचे कोट सांभाळायला, तशी.

मी म्हटलं, “नो, थँक यू.” मलाही इथलं बोलणं येतं.

घरी त्यावरून वादळ झालं. श्रीकांत अर्थातच म्हणाला, “जाऊ दे ना. तिच्या आनंदाकडे बघ.” जुई फोनवरून म्हणाली, “आई, इट्स अ कोट. जस्ट कम अप. हू केअर्स व्हॉट दे कॉल यू?”

“मला फरक पडतो,” मी म्हटलं.

“यू आर मेकिंग इट अबाउट यू.”

हे वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यात तथ्य होतं. पण मी विचारते, ज्या गोष्टीत सगळ्यांनी मिळून मला इतकी वर्षं माझ्यापासूनच बाजूला काढलं, तिच्यात एकदा मी आले तर काय बिघडलं? आई म्हणून मला कुठेही कुणी अडवलेलं नाही. आई म्हणून मी शाळेत गेले, सॉकरच्या मैदानावर पावसात उभी राहिले, हॅलोवीनचे कपडे शिवले. त्यासाठी कुणी लायसन्स मागितलं नाही. त्या दिवशी मात्र ते डॉक्टर बोलावत होते. डॉक्टरच्या जागी आई बनून चढायचं म्हणजे मी स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं की बरोबर आहे तुमचं, मी ती नव्हेच.

त्याच आठवड्यात दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला ज्याची त्याची हत्यारं पाटावर मांडतात. श्रीकांत मोजमापाचा व्हर्नियर ठेवतो, जुईचा जुना लॅपटॉप असतो, आणि माझा स्टेथोस्कोप. अंगणात एक रेडबडचं झाड लावलंय. त्याची पानं आपट्याच्या पानांची चुलत भावंडं शोभतात, फक्त मधली चीर नाही. ऑक्टोबरात ती पिवळी होतात. मी दरवर्षी तीच सोनं म्हणून वाटते. त्या वर्षी पाट मांडला आणि हळदकुंकू लावताना मला हसू आलं, वाईट हसू. वर्षभर वापरलेल्या हत्याराची पूजा करायची असते. एक दिवस त्याला विश्रांती द्यायची असते. माझ्या हत्याराला इतकी विश्रांती मिळाली होती की त्याच्या नळीला भेगा पडल्या होत्या. मी त्याला फूल वाहिलं आणि बाजूला बसून राहिले. संध्याकाळी पाठक काका सोनं द्यायला आले. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, “अहो वहिनी, डॉक्टरांनी कुठे वाकायचं?” त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

समारंभाला मी इरकलच नेसले. खालच्या खुर्च्यांत, मधल्या रांगेत बसले. बाहेर मक्याची कापणी झालेली, नुसते खुंट उभे. वाटेत मोटार न वापरणाऱ्या मेनोनाइट पंथीयांची एक काळी घोड्याची बग्गी आमच्यापुढे बराच वेळ टपटप करत होती आणि श्रीकांत तिला ओव्हरटेक करत नव्हता. त्यालाही बहुतेक पोचायची घाई नव्हती. हॉलमध्ये नव्या रंगाचा वास होता. भाषणं झाली. डीन म्हणाले की हे स्कूल या मातीतून उगवलंय, इथल्या माणसांच्या आवाजातून. पडद्यावर फोटो सरकत होते. त्यात एकदा मीही सरकून गेले.

मग नावं पुकारायला लागले. जुईच्या आधी एक उंच, गोरा मुलगा होता. त्याला कोट घालायला त्याचे आजोबा आले. फार वय झालेले, काठी टेकत, नातीच्या वयाच्या एका मुलीचा हात धरून. त्यांना निवृत्त होऊन युगं लोटली असणार. हात थरथरत होते, बाही सापडेना, मुलगा गुडघ्यांत वाकला. सगळा हॉल उभा राहिला. मीसुद्धा उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या, त्या म्हाताऱ्याने माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. पण टाळ्या वाजवताना माझ्या डोक्यात एकच घण पडत होता. हा माणूस ‘होता’ म्हणून चालतो. मी ‘आहे’ तरी चालत नाही.

मग जुईचं नाव आलं. आडनाव चुकीचं उच्चारलं. डीनने कोट पसरून धरला. जुई त्यांच्यासमोर गेली, पाठ फिरवून हात मागे करण्याऐवजी तिने तो कोट सरळ त्यांच्या हातातून घेतला, काहीतरी पुटपुटली, आणि स्वतः घातला. उजवी बाही, मग डावी. कॉलर एका बाजूला आत दुमडलेली राहिली. डीनना वाटलं मुलगी गोंधळली. ते हसले आणि हात मिळवला. सगळं मिळून दोन श्वासांत आटोपलं असेल, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. हॉलमध्ये कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझा हात मात्र तिच्या कॉलरकडे जायला निघाला होता, मध्ये चाळीस-पन्नास माणसांची डोकी असताना.

परत येताना गाडीत ती मागे बसली, कोट मांडीवर घडी करून. मग ती म्हणाली, “यू कुड हॅव जस्ट कम. इट वॉज माय डे.”

“तुझा दिवस होता म्हणूनच नाही आले,” मी म्हटलं. “आईने कोट धरायचा आणि दुसऱ्याने घालायचा, हे तुला पहिल्याच दिवशी शिकवायचं नव्हतं.”

“सो आय हॅड टू डू इट अलोन.”

तिने कानांत इअरबड्स घातले. श्रीकांतने ‘जाऊ दे’ म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि, देवाची कृपा, मिटलं. नंतर पुष्कळ दिवस आमच्या फोनवर फक्त जेवलीस का, लाँड्री केलीस का, एवढंच बोलणं व्हायचं.

राग ही गोष्ट इथे कुणी धड घेत नाही. क्लिनिकमध्ये भिंतीवर पाटी आहे, कर्मचाऱ्यांशी रागाने बोलणं खपवून घेतलं जाणार नाही. मंडळातल्या बायका म्हणतात, मेडिटेशन कर, गं. एकीने तर मला अ‍ॅप डाउनलोड करून दिलं, त्यात एक बाई सांगते की राग म्हणजे आभाळातून जाणारा ढग. ढग गेला की खाली पाऊस पडलेला असतो बाई, तो कुणी पुसायचा? मला माझा राग कमी करायचा नाही. तो खरा आहे, त्याला कारण आहे, आणि त्याने मला वेडं होण्यापासून वाचवलं आहे. ज्यांचा राग गेला, त्यातल्या काहीजणी मी बघितल्या आहेत. नॉर्थ यॉर्कला माझी एक मैत्रीण आहे, पुण्याची, भूलतज्ज्ञ. आता तिला कुणी विचारलं, तू काय करायचीस, तर ती म्हणते, “अगं, ते सगळं जुनं झालं,” आणि विषय बदलते. मला तिची फार भीती वाटते.

यंदा ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जुई आली. दुसऱ्या वर्षात गेली आहे. चेहरा उतरलेला, केस कसेही बांधलेले, पण चालण्यात काहीतरी नवं आलंय, पायऱ्या चढतानाही कळतं. जेवण झाल्यावर तिने कार्पेटवर चादर पसरली आणि म्हणाली, “आई, तुझी पाठ दे. नेक्स्ट वीक मला केस प्रेझेंट करायचीय, प्रॅक्टिस हवी.”

मी पालथी पडले. तिचे हात गार होते, मग कोमट झाले. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं उतरत होती, न घाबरता, न घाई करता. मी डोळे मिटले. ती चांगली डॉक्टर होणार आहे, हे मला तिथे पडल्या पडल्या कळलं, जसं एखाद्याचा हात नाडीवर आल्याबरोबर कळतं. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली तिचा अंगठा थांबला.

“ओह वाव. धिस इज लाइक अ रॉक. कधीपासून आहे?”

“आठवत नाही.”

अंगठा तसाच ठेवून ती केस म्हणायला लागली, वर्गात म्हणतात तशी. “पेशंट इज अ फिफ्टी-टू-इयर-ओल्ड फिजिशियन, प्रेझेंटिंग विथ...”

“थांब,” मी चादरीत तोंड ठेवूनच म्हटलं. “असं म्हटलंस तर सर विचारतील, कुठे प्रॅक्टिस करते.”

“मग मी सांगेन, शी डझंट.”

“मग विचारतील, का नाही?”

अंगठा हलला नाही. मग ती बोलली, आणि मराठीत बोलली. असल्या गोष्टी ती कधी मराठीत बोलत नाही.

“मग मी सांगेन, तुम्हालाच माहितीय सर. ती इथे मला कोट घालायला येणार होती. तुम्ही तिला धरायला सांगितलंत.”

तिचा आवाज खाली गेला होता आणि कडा धारदार झाल्या होत्या. तो आवाज मी ओळखला. तो माझा होता, तासगावच्या ओपीडीतला, कंपाउंडरवर ओरडायच्या आधीचा. खरं तर मी तिला सांगायला हवं होतं की सरांशी असं बोलायचं नसतं, मार्क त्यांच्या हातात आहेत, पुढची सगळी वर्षं त्यांच्या हातात आहेत. कुठल्याही शहाण्या आईने तेच सांगितलं असतं.

“अजून जोरात दाब,” मी म्हटलं. “तिथंच आहे.”